मूर्ती, मुलामा आणि सम्यक आजीविका

गेल्या दोन पिढ्यांत आपल्या समाजाच्या घरांचे रूप पालटले. ज्या आजी-आजोबांनी एका खोलीच्या संसारात, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्ती लावून त्रिसरण-पंचशील म्हटले, त्यांची नातवंडे आज स्वतःचे घर बांधताना वंदनेसाठी वेगळी जागा राखून ठेवतात. पांढऱ्या कापडाने आच्छादलेला चौरंग, त्यावर बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांची प्रतिमा, फुले, अगरबत्ती आणि ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ, असे त्या जागेचे साधे आणि प्रसन्न रूप असते. आमच्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी नवे घर घेतल्याचे आवर्जून कळवतात, आणि त्या आनंदाच्या वार्तेबरोबर पुष्कळदा एक प्रश्नही येतो. घरात कोणती मूर्ती ठेवावी? नेपाळमध्ये हाताने घडवलेली, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची मूर्ती घ्यावी काय? तिच्यासाठी एवढा पैसा खर्च करणे उचित आहे काय? शाळेच्या वंदना-सभागृहासाठी अशीच एक मूर्ती सर्वांनी मिळून भेट द्यावी, अशी इच्छाही काही माजी विद्यार्थ्यांनी बोलून दाखवली आहे.

या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देऊन तो बाजूला सारता येईल. परंतु आमच्या मते हा प्रश्न केवळ खरेदीचा नाही. आपण तथागतांकडे कोणत्या दृष्टीने पाहतो आणि ज्यांच्या श्रमांतून आपल्या श्रद्धेची साधने निर्माण होतात त्यांच्याशी आपले नाते काय, हे दोन प्रश्न त्यात दडलेले आहेत. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने आमचे मत सविस्तर मांडतो. ते थोडक्यात असे: घरात मूर्ती अवश्य असावी, ती उत्तम घडवलेली असावी, घडवणाऱ्याला तिचे पूर्ण मोल मिळावे, मात्र ज्या मुलाम्यासाठी कारागिराला विषारी वाफ श्वासात घ्यावी लागते, तो मुलामा आपण मागू नये.

मूर्तीपूर्वीचा धम्म

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर कित्येक शतके त्यांची मानवी रूपातील मूर्ती घडवली गेली नाही. सांची आणि भारहूत येथील शिल्पांत जेथे बुद्ध असायला हवेत तेथे रिकामे आसन आहे, बोधिवृक्ष आहे, धम्मचक्र आहे किंवा पदचिन्हे आहेत. आपल्या महाराष्ट्रातील भाजे येथील चैत्यगृहात वंदनेचे स्थान आहे तो केवळ स्तूप. अजिंठ्याच्या 9 आणि 10 क्रमांकांच्या प्राचीन लेण्यांतही तसेच. पुढे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत गांधार आणि मथुरा येथे बुद्धमूर्ती घडू लागल्या, आणि अजिंठ्याच्याच 19 व 26 क्रमांकांच्या लेण्यांत स्तूपाच्या दर्शनी भागावर स्वतः तथागत प्रकट झाले. एकाच डोंगरकड्यावर हा सगळा प्रवास पाहता येतो. ज्या शिक्षकांनी मुलांची सहल अजिंठ्याला नेली असेल, त्यांनी 10 व्या लेण्यातून 26 व्या लेण्यात जाताना हा फरक मुलांना अवश्य दाखवला असेल.

यातून आम्हाला एवढेच सुचवायचे आहे की मूर्तीवाचून धम्म अडला नव्हता, आणि मूर्ती आली म्हणून तो बाटलाही नाही. मूर्ती हे साधन आहे. साधनाची किंमत त्याच्या उपयोगावरून ठरते.

धातूच्या बुद्धमूर्ती आपल्या मातीला परक्या नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप उत्खनित केला, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले आणि भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे मिळाले. त्या करंडकांभोवती कांस्याच्या आठ लहान मूर्ती बसवलेल्या होत्या, सात मानुषी बुद्ध आणि आठवे मैत्रेय. मेणाची आकृती घडवून तिच्यावर मातीचे लेपण द्यायचे, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, ही रीत आपल्याकडे ‘मधूच्छिष्ट विधान’ म्हणून ओळखली जाई. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या 12 व्या शतकातील ग्रंथात तिचे वर्णन आहे. आपल्याकडे ती परंपरा बुद्धमूर्तींपुरती खंडित झाली. नेपाळच्या काठमांडू खोऱ्यात ती अखंड राहिली.

पाटणचे हात

काठमांडूला लागून बागमतीच्या दक्षिणेस ललितपूर नावाचे नगर आहे. त्याचे जुने नाव पाटण. आपल्या सातारा जिल्ह्यातील पाटणशी त्याचा संबंध नाही. तेथील नेवार समाजातले शाक्य आणि वज्राचार्य हे पिढ्यान्‌पिढ्या मूर्ती घडवत आले आहेत. शाक्य कुळे आपला वारसा प्रत्यक्ष तथागतांच्या शाक्य गणाशी जोडतात. या खोऱ्यातील अरनिको नावाचा तरुण शिल्पी 1260 मध्ये 80 कारागिरांचा प्रमुख म्हणून तिबेटात गेला आणि पुढे कुबलाई खानाच्या दरबारी पोहोचला. आजच्या बीजिंगमध्ये असलेला पांढरा स्तूप ही त्याचीच निर्मिती. एका लहानशा खोऱ्यातील कारागिरांनी अर्ध्या आशिया खंडाला बुद्धाचे रूप दिले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

मूर्ती कशी घडते ते समजून घेतल्यावाचून तिच्या किमतीविषयी बोलणे अन्यायाचे होईल. प्रथम मधमाश्यांच्या मेणात झाडाची राळ मिसळून त्याला काम करण्याजोगा चिवटपणा आणतात. त्यातून आकृती घडते. मोठी मूर्ती एकसंध ओतत नाहीत. धड, हात, आसन, प्रभावळ असे भाग वेगवेगळे करतात. मेणाच्या आकृतीवर आधी चाळलेल्या बारीक मातीचा आणि शेणाचा पातळ लेप, तो वाळल्यावर दुसरा, मग भाताचे तूस मिसळलेल्या जाड मातीचे थर. प्रत्येक थर सावलीत वाळावा लागतो. पावसाळ्यात त्याला अधिक दिवस लागतात आणि घाई केली तर साचा तडकतो. मग साचा तापवून मेण बाहेर काढतात आणि रिकाम्या पोकळीत वितळलेले तांबे ओततात. थंड झाल्यावर साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. धातू एखाद्या बोटापर्यंत पोहोचला नसेल तर तो भाग पुन्हा ओतावा लागतो.

साच्यातून निघालेली मूर्ती खडबडीत आणि काळपट असते. खरे काम यानंतरचे. कानशीने घासणे, बारीक छिन्न्यांनी चीवराच्या काठावरची वेलबुट्टी कोरणे, सांधे जुळवणे, आणि सर्वांत शेवटी चेहरा. पुण्याच्या तांबट आळीत हातोडीचे ठोके ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना तांब्यावर हाताने काम करणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. चेहऱ्यावरची एक रेषा जरा खोल गेली की करुणेच्या जागी उदासपणा येतो. ओठाचा कोपरा किंचित वर गेला की स्मित जाऊन केवळ हसू उरते. हे कौशल्य यंत्राच्या साच्यातून निघणाऱ्या फायबरच्या किंवा प्लास्टरच्या मूर्तीत उतरत नाही. हाताने घडवलेली मूर्ती महाग का, याचे उत्तर सोन्यापेक्षा या दिवसांत आणि या हातांत अधिक आहे.

मुलाम्याची किंमत

आता सोन्याकडे वळू. पारंपरिक मुलाम्याची रीत अशी. सोन्याचा बारीक चुरा पाऱ्यात कालवतात. त्याचा लोण्यासारखा मऊ गोळा बनतो. स्वच्छ केलेल्या तांब्यावर तो चोपडतात आणि मूर्ती तापवतात. पारा सुमारे 357 अंश सेल्सिअसला उकळतो. तो वाफ होऊन निघून जातो आणि सोने तांब्याला घट्ट धरून मागे राहते. ते सुरुवातीला निस्तेज, पिवळट दिसते. अकीकाच्या गुळगुळीत टोकाने घोटून घोटून त्याला झळाळी आणतात. असा मुलामा शतकानुशतके टिकतो. त्याच्या सौंदर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

परंतु निघून गेलेला पारा कोठे जातो? तो कारागिराच्या श्वासात जातो. पाऱ्याच्या वाफेला रंग नाही, वास नाही. साध्या कापडाच्या मुखपट्टीने ती अडत नाही. श्वासावाटे आत गेलेल्या वाफेतील बहुतांश पारा शरीरात शोषला जातो आणि मेंदू, मज्जासंस्था व मूत्रपिंडे यांना इजा करतो. हिरड्या सुजतात, झोप उडते, विसराळूपणा येतो, स्वभाव चिडचिडा होतो आणि हातांना कंप सुटतो. ज्या हाताच्या स्थैर्यावर बुद्धमुखावरची शांती अवलंबून, त्याच हाताला कंप! कार्यशाळा घरातच असेल तर हीच हवा बायकामुलेही घेतात. मूर्ती विकत घेणाऱ्याला यातले काही दिसत नाही. पारा उडून गेल्यावर मूर्ती चकचकीत होऊन त्याच्यापर्यंत येते. धोका घडवणाऱ्याच्या घरी राहतो.

पाऱ्याने माणसाचे काय होते हे जगाला 1956 मध्ये जपानच्या मिनामाता गावाने दाखवून दिले. तेथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्याचे संयुग माशांवाटे लोकांच्या पोटात गेले होते. मुलाम्याच्या वाफेपेक्षा ते प्रकरण निराळे, पण धातू तोच. ज्या वर्षी नागपूरच्या भूमीवर लक्षावधी लोकांनी धम्मदीक्षा घेतली, त्याच वर्षी त्या रोगाची अधिकृत नोंद झाली. त्या गावाचे नाव धारण करणारा पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार 2013 मध्ये झाला आणि 2017 मध्ये अमलात आला. भारतही त्यात सहभागी आहे.

अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीविका आपण मुलांना पाचवीच्या वर्गापासून शिकवतो. उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार तथागतांनी सांगितले: शस्त्रांचा, सजीवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. यातला पाचवा व्यापार येथे विचारात घ्यावा लागतो. कारागीर विषाचा व्यापारी नव्हे. तो विषाचा पहिला बळी आहे. मात्र ज्याच्या मागणीमुळे त्याला ते विष हाताळावे लागते, तो खरेदीदार आपली जबाबदारी झटकू शकत नाही. पंचशीलातील पहिले शील, प्राणिमात्राच्या हिंसेपासून विरत राहण्याचे, मूर्तीसमोर रोज म्हणायचे आणि तीच मूर्ती कोणाच्या तरी आयुष्याची वर्षे घेऊन आली असेल तर त्याकडे डोळेझाक करायची, हे आम्हाला विसंगत वाटते.

सोने आणि तथागत

यावर काही जण म्हणतील की तथागतांची कांती सुवर्णासारखी होती असे ग्रंथांतच वर्णन आहे. मग त्यांच्या मूर्तीला सोने चढवण्यात गैर काय? वर्णन आहे, हे खरे. पण त्याच ग्रंथपरंपरेतील महापरिनिब्बान सुत्तात एक प्रसंग येतो. पुक्कुस नावाचा मल्ल तथागतांना सोनेरी वस्त्रांची जोडी अर्पण करतो. आनंद ती वस्त्रे तथागतांच्या अंगावर घालतात आणि पाहतात तो काय, त्या देहाच्या तेजापुढे वस्त्रांचे सोने फिके पडले आहे. त्याच सुत्तात पुढे शालवृक्ष अकाली फुलून तथागतांवर पुष्पवर्षाव करतात, तेव्हा तथागत आनंदाला समजावतात की हा खरा गौरव नव्हे. धम्मानुसार आचरण करणारा उपासक किंवा उपासिकाच तथागतांचा खरा सन्मान करते. सोने आणि फुले दोन्ही तेथे आहेत, आणि दोन्ही दुय्यम ठरली आहेत.

मूर्तीचे कान नीट पाहावेत. पाळ्या लांब ओघळलेल्या असतात आणि रिकाम्या असतात. राजकुमार असताना सिद्धार्थांनी जड कुंडले घातली होती. गृहत्याग करताना ती उतरवली. पाळ्या लांबलेल्याच राहिल्या, असा त्याचा परंपरेने सांगितलेला अर्थ आहे. त्या कानांतून सोने उतरले तोच धम्माचा आरंभ. त्याच कानांना आपण पुन्हा सोने चढवतो, तेव्हा निदान क्षणभर थांबून विचार करावा.

सोन्याने मूर्ती हरवूही शकते. ब्रह्मदेशातील मंडाले येथील महामुनी बुद्धमूर्तीला भाविक पिढ्यान्‌पिढ्या सोन्याचा वर्ख लावत आले आहेत. थरावर थर चढून मूर्तीचे शरीर ओबडधोबड झाले. मूळ घडण सोन्याखाली दिसेनाशी झाली. चेहरा तेवढा शाबूत आहे, कारण तो रोज पहाटे धुतला जातो आणि त्याला वर्ख लावत नाहीत. तेथे आणखी एक गोष्ट आहे, जी बाबासाहेबांच्या अनुयायांना खटकल्यावाचून राहणार नाही: वर्ख लावण्याचा अधिकार केवळ पुरुषांना आहे, स्त्रियांनी दुरून वंदन करायचे. जेथे सोने आले तेथे त्याला हात कोणी लावायचा हा भेदही आला. याउलट थाई लोकांच्या भाषेत एक सुंदर म्हण आहे. गाजावाजा न करता केलेल्या सत्कृत्याला ते ‘बुद्धमूर्तीच्या पाठीला सोने लावणे’ म्हणतात, कारण पाठीकडचे सोने कोणाला दिसत नाही. सोन्याचा याहून चांगला उपयोग आम्हाला ठाऊक नाही.

जपानमधील नारा येथील महाबुद्धाचे उदाहरण तर आपल्याशी थेट जोडलेले आहे. 752 मध्ये त्या प्रचंड कांस्यमूर्तीचा नेत्रोन्मीलन सोहळा झाला, तेव्हा भारतातून गेलेले भिक्खू बोधिसेन यांनी तिच्या डोळ्यांची बुबुळे रंगवली. त्यांच्या कुंचल्याला बांधलेल्या दोऱ्या जमलेल्या लोकांनी हातांत धरल्या होत्या, म्हणजे डोळे सर्वांनी मिळून उघडले. त्या वेळी मूर्तीवरचा सोन्याचा मुलामा पूर्ण झालेला नव्हता. सोने अपुरे होते तरी अडले नाही. डोळे उघडणे महत्त्वाचे होते. बाबासाहेबांनी स्वतः उघड्या डोळ्यांच्या बुद्धाचे चित्र रेखाटले होते, हे येथे आठवावे. जगाचे दुःख पाहणारे ते डोळे कारागिराचे दुःखही पाहत असतील.

दोन आक्षेप

आमच्या मताला दोन बाजूंनी आक्षेप घेतला जाईल, आणि दोन्ही आक्षेप आदराने ऐकण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप आपल्याच चळवळीतील जाणत्या मंडळींचा. ते म्हणतात, आपण देव्हारे सोडून आलो. आता बुद्धाचा देव्हारा कशाला? नवस, नैवेद्य, कृपा यांच्या वाटेने आपण पुन्हा तेथेच पोहोचू. ही भीती निराधार नाही. परंतु बाबासाहेबांनी स्वतः 25 डिसेंबर 1954 रोजी देहू रोड येथे रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्यांना मूर्तीचे वावडे नव्हते. मूर्तीकडे काही मागायचे नाही, तिच्यापुढे बसून स्वतःला पाहायचे, एवढा फरक ध्यानात ठेवला की पुरे. आमच्या वसतिगृहातील मुले पहाटेच्या वंदनेनंतर दहा मिनिटे स्तब्ध बसतात. लहान मुलाला ‘श्वासाकडे लक्ष दे’ असे सांगून ते जमत नाही. समोर स्थिर बसलेली एक आकृती असली की त्याची पाठ आपोआप ताठ होते. मूर्तीचा हा उपयोग आम्ही रोज पाहतो. तीच मुले सुटीत घरी जातात तेव्हा मूर्ती शोकेसमध्ये दूरचित्रवाणी संचाशेजारी ठेवलेली असते आणि तिच्यासमोर बसायला जागा नसते. पालकांना आमची विनंती आहे की मूर्ती लहान असली तरी चालेल. तिच्यासमोर दोन माणसांना मांडी घालून बसता येईल एवढी जागा मोकळी असू द्या.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. आपण मुलाम्याच्या मूर्ती घेणे थांबवले तर त्या कारागिरांच्या चुली कशा पेटतील? त्यांची शतकांची कला जगवायची की बुडवायची? हा प्रश्न विचारणारे कारागिराच्याच बाजूने बोलत आहेत, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. आम्ही त्यांच्याकडून मूर्ती घेऊ नये असे म्हणत नाही. पाऱ्याचा मुलामा मागू नये, एवढेच म्हणतो. मूर्तिकाराची कला मेणात, ओतकामात आणि छिन्नीत आहे. पाटणमध्ये मुलाम्याशिवाय केवळ तांब्याच्या गडद, तपकिरी झिलईतल्या मूर्तीही घडतात, आणि त्या अत्यंत देखण्या असतात. सोने हवेच असेल तर वर्ख डिंकाने किंवा रोगणाने चिकटवता येतो; त्यात पारा नाही. विजेच्या साहाय्याने चढवलेल्या मुलाम्यातही पाऱ्याची वाफ नसते, परंतु त्या द्रावणात बहुधा सायनाइडचे क्षार असतात. तेव्हा तेथेही काम कोणत्या काळजीने होते ते विचारले पाहिजे. पाऱ्याचाच मुलामा करायचा असेल, तर वाफ ओढून गार करून पारा परत मिळवणारी बंदिस्त भट्टी लागते. तिचा खर्च मूर्तीच्या किमतीत धरला जावा आणि तो आपण द्यावा. बाजारात घासाघीस करून मूर्ती स्वस्तात पदरात पाडून घेणारा, कारागिराच्या धुराड्याचे पैसे आपल्या खिशात ठेवत असतो.

येथे आणखी एक स्पष्टोक्ती आवश्यक आहे. नेवार समाजात बौद्ध धर्म रुजलेला असला तरी त्यात जातींची उतरंड आहे आणि मूर्तिकाम पुष्कळ काळ जन्माने ठरलेल्या कुळांतच राहिले. बाबासाहेबांनी 1936 मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात दाखवून दिले की जातिव्यवस्था ही केवळ कामाची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे. आज पाटणच्या कार्यशाळांत इतर समाजांतील कारागीरही काम शिकतात, हे चांगले लक्षण आहे. पण जोखमीचे काम शेवटी ज्याच्या वाट्याला येते तो सहसा सर्वांत कमी पर्याय असलेला माणूस असतो. हे आपल्याला कोणी सांगण्याची गरज नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला कोणती कामे आली हे आपण विसरलेलो नाही. म्हणूनच हा प्रश्न इतर कोणापेक्षा आपल्याला अधिक कळला पाहिजे.

मूर्ती निवडताना

आता ज्यांनी प्रश्न विचारला त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी.

चमक पाहण्याआधी मुद्रा पाहावी. ध्यानासाठी मूर्ती हवी असेल तर ध्यानमुद्रा, दोन्ही हात मांडीवर एकावर एक. उजव्या हाताची बोटे भूमीला स्पर्श करत असतील तर ती भूमिस्पर्शमुद्रा, बोधिप्राप्तीच्या क्षणाची. छातीपाशी दोन्ही हात असतील तर धम्मचक्रप्रवर्तनमुद्रा. मुले अभ्यासाला बसतात त्या खोलीत ती शोभते. उजवा तळवा समोर धरलेला असेल तर अभयमुद्रा. मूर्ती डोळ्यांच्या पातळीवर धरून चेहऱ्याकडे काही वेळ निमूट पाहावे. पाहणाऱ्याचे मन जर शांत झाले, तर ती मूर्ती चांगली. मुकुट, अलंकार, प्रवाळ आणि फिरोजा जडवलेल्या मूर्ती बहुधा बोधिसत्त्वांच्या किंवा वज्रयान परंपरेतील इतर रूपांच्या असतात; शाक्यमुनींचे साधे चीवरधारी रूप हवे असेल तर ते ओळखून मागावे.

पाठ आणि तळ पाहावा. साच्यातून घाईने काढलेल्या मूर्तीचा दर्शनी भाग गुळगुळीत असतो आणि पाठ तशीच खडबडीत सोडलेली असते. चांगला कारागीर न दिसणाऱ्या बाजूलाही तेवढेच श्रम घेतो.

‘पुरातन’ म्हणून दाखवलेली मूर्ती कदापि घेऊ नये. नेपाळच्या विहारांतून आणि चौकांतून गेल्या शतकात असंख्य मूर्ती चोरीला गेल्या. लोक ज्यांची रोज वंदना करत होते त्याच मूर्ती परदेशांतील दिवाणखान्यांत जाऊन बसल्या. नेपाळमधून मूर्ती बाहेर नेताना ती पुरातन नसल्याचा तेथील पुरातत्त्व विभागाचा दाखला लागतो. आपल्याकडेही 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती पुरावशेष ठरतात. चोरीपासून विरत राहण्याचे दुसरे शील येथेही लागू आहे.

विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत: मूर्ती कोणी घडवली, मुलामा कोणत्या रीतीने दिला, आणि तो देताना पाऱ्याच्या वाफेची काय व्यवस्था होती? उत्तर मिळाले नाही तर मुलाम्याशिवायची मूर्ती घ्यावी. आणि ज्यांच्या मिळकतीत हे काहीच बसत नाही, त्यांनी तसूभरही कमीपणा मानू नये. दीक्षाभूमीच्या पटांगणातून आणलेली प्लास्टरची लहान मूर्ती असो वा दिनदर्शिकेवरून कापून लावलेले चित्र, तिच्यासमोर जो पंचशील मनापासून म्हणतो त्याचे घर उणे नाही.

सभागृहातील मूर्तीविषयी

शाळेच्या सभागृहासाठी मूर्ती देण्याची इच्छा व्यक्त करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगू इच्छितो की त्यांची भावना आम्ही मनःपूर्वक स्वीकारतो. नोव्हेंबर 1956 मध्ये, महापरिनिर्वाणाच्या जेमतेम तीन आठवडे आधी, आजारी शरीराने बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. त्या खोऱ्यातील कारागिराने घडवलेली मूर्ती आपल्या मुलांसमोर असावी, यात आम्हाला औचित्य दिसते. मूर्ती तांब्याची असावी, मुलाम्याशिवायची. सोन्यावर जो खर्च झाला असता तो कारागिराच्या मजुरीत मिळवावा.

आणि पीठावर कोणाचे नाव कोरायचे, हाही प्रश्न पुढे येईलच. देणगीदाराचे नाव कोरण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेखांत ती दिसते. धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दार दान दिले, हे तेथे लिहिले आहे. पण त्याच लेण्यात दाराचे काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचेही नाव कोरलेले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या सह्याद्रीत धम्माने दात्याला आणि कारागिराला एकाच भिंतीवर जागा दिली होती. आपल्या सभागृहातील मूर्तीच्या पीठावर दर्शनी बाजूस घडवणाऱ्याचे नाव असावे, आणि देणाऱ्यांची नावे मागच्या बाजूस. रोज पहाटे वंदनेला येणारी मुले ते नाव वाचतील, आणि हा माणूस कोण, कोठला, हे विचारतील. त्यांनी ते विचारावे, एवढ्यासाठीच ही शाळा आहे.